हुंगलेला मोगरा

'परिमल कार्बन'मध्ये नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला जिना उतरवून खालच्या हौदावर नेत. शहरातल्या नऊ लाख पोटांतला मैला तिथे येऊन पडायचा. लोखंडी जाळीवर उभं राहून नवा माणूस खाली बघायचा आणि ओकायचा. जुनी मंडळी वरच्या कठड्याला टेकून मजा बघत. एक इंजिनिअर तर परदेशात शिकून आलेला. तो हौदापर्यंत पोचलाच नाही, चौथ्या पायरीवरच त्याचा नाश्ता बाहेर आला आणि त्या संध्याकाळी त्याने राजीनामा धाडला.

गिरिजा गुरव ओकली नाही. सहा वर्षांपूर्वी ती त्या जाळीवर उभी राहिली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. "संत्र्याची सालं आहेत कुठेतरी," ती म्हणाली. "आणि आज हॉस्पिटलच्या बाजूचं पाणी जास्त आलंय. फिनेल आहे." कारखान्याचे मॅनेजर वाळिंबेसाहेब तोंडावर रुमाल धरून शेजारी उभे होते. त्यांनी रुमालातूनच तिची नेमणूक पक्की केली.

तिचं पद कागदावर 'गंधपरीक्षक' असं होतं, पण सगळे तिला 'नाक' म्हणत. कोट्यवधींची यंत्रं जिथे हात टेकत, तिथे गिरिजाचं नाक कामाला येई. कुपी उघडायची, पट्टी बुडवायची, हुंगायचं आणि पास किंवा नापास लिहायचं. कारखान्यातून बाहेर पडणारी एकही बाटली तिने हुंगल्याशिवाय जात नसे.

हे नाक तिला मिळालं होतं उपासमारीतून. तिचे वडील, रामलिंग गुरव ऊर्फ आबा, कृष्णाकाठच्या खडकोळी गावात सिद्धेश्वराचे पुजारी. पहाटे फुलं तोडायची ती श्वास धरून, आणि परडी घेऊन चालायचं ते तोंड बाजूला वळवून. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हा त्या घरातला पहिला धडा. सहा वर्षांची असताना गिरिजाने एकदा राहवेना म्हणून परडीतल्या मोगऱ्याला नाक लावलं. आबांनी ते बघितलं आणि सणकन कानाखाली वाजवली. "देवाच्या फुलाला नाक लावतीस? उष्टं केलंस की गं सगळं!" म्हणत त्यांनी अख्खी परडी नदीत उपडी केली. त्यानंतर बारा वर्षं तिने रोज फुलं तोडली आणि एकदाही हुंगली नाहीत. अशा माणसाचं नाक पुढे काय होईल ते सांगायला नको.

आता मैल्याचा मोगरा कसा होतो ते सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे, आणि सगळी घाणही.

आपण डाळ-भात खातो, त्यातल्या एका अमिनो आम्लावर आतड्यातले जीवाणू काम करतात आणि त्यातून स्कॅटोल नावाचा पदार्थ तयार होतो. विष्ठेला विष्ठेचा वास येतो तो मुख्यतः याच्यामुळे. स्कॅटोलचा रेणू म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन कडी आणि एका कड्याला लोंबणारा एक कार्बन. तो एवढाच कार्बन काढून टाकला तर उरतो इंडोल. आणि इंडोल मोगऱ्यात असतो, जाईत असतो. ताज्या फुलात आणि भरलेल्या संडासात फरक आहे तो एका कार्बन अणूचा. हे रसायनशास्त्रज्ञांना शंभरेक वर्षं माहीत होतं, पण उपयोग नव्हता. कारण कार्बन-कार्बन बंध फार चिवट असतो. तो तोडण्याइतकी उष्णता द्यावी, तर नको तेही बंध तुटतात आणि हातात काळी राख येते. विणलेल्या स्वेटरमधला नेमका मधला एक टाका काढायचा आणि स्वेटर मात्र उसवू द्यायचा नाही, असं ते काम होतं.

ते काम कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या प्रबुद्ध बनसोडेने केलं. त्याने तयार केलेला उत्प्रेरक त्या एकाच कार्बनला धरायचा, जांभळा उजेड पडला की नेमका तेवढाच बंध तोडायचा आणि मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे वळायचा. यंत्राला नाव पडलं 'कर्तरी', म्हणजे कात्री. तोडलेला कार्बनही वाया जात नसे; तो दुसऱ्या भांड्यात दुसऱ्या साखळीला जोडला जाई. मैल्यातली चरबी, आम्लं, सगळ्यांचे बंध असेच तोडून-जोडून मोगऱ्याच्या वासातले उरलेले घटक तिथेच बनत. एका टोकाला हौद, दुसऱ्या टोकाला 'मोगराजल' लिहिलेली निळी बाटली. बाटलीवर सोनेरी अक्षरांत छापलेलं असे: शंभर टक्के जैविक उगम. यात खोटं काही नव्हतं. याहून जैविक उगम कुठे सापडणार?

आणि गिऱ्हाईक तर रांगा लावून होतं. पाच उन्हाळे असे गेले होते की मोगऱ्याची कळी झाडावरच करपायची. गजरा बघायला मिळायचा तो लग्नाच्या जुन्या फोटोत.

गिरिजाची आणि प्रबुद्धची ओळख झाली ती भांडणातून. त्याने जीव ओतून कर्तरी सुधारली, स्कॅटोलचा शेवटचा रेणूसुद्धा तोडला, आणि शंभर टक्के शुद्ध माल तिच्या टेबलावर ठेवला. गिरिजाने हुंगून नापास लिहिलं.

"कारण?" तो तणतणत आला.

"मेलाय."

"काय मेलाय?"

"मोगरा. डांबरगोळ्यांसारखा वास येतोय. कपाटात ठेव."

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कुठून तरी खऱ्या मोगऱ्याची चार फुलं मिळवून त्याने तपासणीच्या यंत्राला लावली, आणि निकालाचा कागद घेऊन हसत तिच्यापुढे बसला. खऱ्या मोगऱ्यातही स्कॅटोल होतं. अगदी नखभर, कोटीत दोन कण, पण होतं. त्याच्याशिवाय मोगऱ्याला जीव नव्हता. तेव्हापासून कर्तरी थोडी आधी थांबवायची ठरलं. दर कोटीमागे दोन कण न तोडता, हौदातून आले तसेच, बाटलीत जाऊ द्यायचे. किती जाऊ द्यायचे हे रोज गिरिजाचं नाक ठरवायचं.

पुढे दोन वर्षं ती दोघं रोज दुपारी एकत्र डबा खात. प्रबुद्धचे वडील नगरपालिकेत ड्रेनेजला होते, मेनहोलमध्ये उतरून साफ करायचे. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा तीन-तीनदा अंघोळ करायचे, तरी वास जायचा नाही. मी त्यांच्या मांडीवर बसायचो नाही गं. नाक दाबून पळायचो. ते काही बोलायचे नाहीत, नुसते हसायचे." मग डब्याचं झाकण लावत म्हणाला, "पहिली बाटली तयार झाली तेव्हा दाखवायला ते नव्हते."

गिरिजाने त्याच दिवशी मनाशी ठरवलं की लग्न करायचं तर याच्याशी.

इकडे खडकोळीत आबांना दर महिन्याला लेकीकडून मोगराजलाच्या सहा बाटल्या जात. फुलं मिळेनाशी झाल्यापासून आबा सिद्धेश्वराच्या पिंडीवर तेच शिंपडत. गाभारा असा दरवळे की शेजारच्या गावचे लोक मुद्दाम येऊन बसत. "माझ्या लेकीनं धाडलंय," आबा सांगत. कशापासून बनतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि गिरिजाने सांगितलं नाही. विचारलं नाही तर सांगायचं कशाला, असं तिने स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे ती भ्याली होती.

फाल्गुनात ती प्रबुद्धला घेऊन घरी गेली. आबांनी खुर्ची दिली, पोराची चौकशी केली, त्याचा पगार, त्याचं शिक्षण ऐकून मान डोलावली. मग म्हणाले, "वडील काय करायचे?"

प्रबुद्ध नुसतं 'नगरपालिकेत' म्हणून थांबू शकला असता. तो थांबला नाही. "ड्रेनेजला होते. मेनहोल साफ करायचे."

"म्हंजी, आत उतरून?"

"आत उतरून."

आबांनी मांडीखाली गेलेला धोतराचा सोगा ओढून जवळ घेतला. "बरं, बरं," ते म्हणाले, आणि आत बघून हाक दिली, "गिरे, कागदी कप हाईत बघ फडताळात. यात्रंचं उरल्यालं. त्यातनं च्या आण."

घरात स्टीलचे डझनभर पेले होते. गिरिजाने मुकाट्याने कागदी कप काढले. तीन काढले, सगळ्यांना तेच दिले, आणि एवढ्यावर आपण काही तरी केलं असं तिला वाटलं. याची तिला पुढे फार लाज वाटली.

प्रबुद्धला फाटकापर्यंत पोचवून ती परतली तर आबा ओसरीवर उभे होते. हातात निळी बाटली. प्रबुद्ध बसला होता त्या खुर्चीवर ते फवारत होते. आधी बैठक, मग पाठ, मग त्याच्या चपला होत्या ती फरशी. फवारून झालं की दोन बोटं ओली करून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना लावली.

"आबा, काय करताय हे?"

"वास ऱ्हायलाय त्येचा."

"कसला वास?"

"तुला न्हाई कळायचा. पिढ्यान्‌पिढ्या मुरल्याला असतोय त्यो. असा जात न्हाई." आबा जराही चिडलेले नव्हते. लहान मुलाला समजवावं तसं बोलत होते. "पोरगं हुशार हाय. मी न्हाई म्हणत न्हाई. पर ह्या घरात न्हाई, गिरे."

जिल्ह्यातलं सगळ्यात तीक्ष्ण नाक त्या ओसरीवर उभं होतं. त्याला त्या खुर्चीवरून येत होता साध्या साबणाचा वास, आणि आता त्यावर मोगऱ्याचा. त्या मोगऱ्यात कोटीमागे दोन कण हौदातले होते, तेही तिने स्वतः मोजून सोडलेले. आणखी गंमत अशी, की हेच आबा तरुणपणी गावातल्या जोशांच्या घरी बेल पोचवायला जात तेव्हा त्यांना ओसरीच्या आत कुणी घेत नसे, पाणीही वरून ओतत. हे आबांनीच तिला सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. माणूस आपल्यावर झालेलं सगळं लक्षात ठेवतो आणि त्यातून काहीही शिकत नाही. किळस यावी ती याची.

दुसऱ्या दिवशी तिने प्रबुद्धला काही न सांगताच त्याने विचारलं, "किती फवारलं?"

तिने डबा उघडला आणि पुन्हा मिटला.

"अंदाजच होता. कागदी कपाचं झालं की पुढे हे होतंच." तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. "गिरिजा, मला त्यांची माफी नको, परवानगीही नको. फक्त त्या बाटलीत काय आहे ते त्यांना सांग. माझा बाप आयुष्यभर ज्यात उतरला, तेच ते डोळ्यांना लावतायत. ते लपवून ठेवून तू माझ्याशी लग्न करणार असशील, तर त्या घरात मी जन्मभर घाणेरडा आणि तुझी बाटली पवित्र. असं मला नाही जमणार."

"सांगितलं तर आबा मोडून पडतील."

"पडू देत. नाहीतर मला सोड."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

चैत्रात सिद्धेश्वराची यात्रा. त्या दिवशी दुपारी पालखी निघण्याआधी पिंडीला फुलांचा अभिषेक व्हायचा. पालखीच्या मानकऱ्यांनी कुठल्याशा हरितगृहातून एक परडी खरा मोगरा आणला होता, पाच वर्षांनंतर पहिल्यांदा. आबा लहान पोरासारखे हरखले होते. तरी वरून बाटलीही ओतायची होतीच; परडीभर फुलांनी गाभारा भरत नसतो. बाहेर मंडपात माणूस मावत नव्हता. प्रबुद्ध घाटाच्या शेवटच्या पायरीवर थांबला होता. गिरिजानेच त्याला बोलावलं होतं.

गाभाऱ्यात आबा आणि ती, दोघंच. पिंड पुसता पुसता ती बोलली.

"आबा, हे पाणी कशापासनं करत्यात, ठाऊक हाय तुमाला?"

"फुलापासनंच की."

"न्हाई. माणसाच्या गुवापासनं."

आबांचा हात पिंडीवर थांबला. तिने मग थांबायचं नाही असं ठरवलं होतं. हौद सांगितला, कर्तरी सांगितली, एक कार्बन कसा तोडतात ते सांगितलं. "अख्ख्या शहराचं येतंय. माझं बी. दिवाळीत तुमी चार दिवस माझ्याकडं ऱ्हायलासा, तवा तुमचं बी."

आबा खाली बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते आता उठतील, बाटल्या फोडतील, देवाच्या पायावर डोकं आपटतील, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिला त्यांची दयाही आली. बाहेर कुणीतरी घंटा बडवत होतं. आबांनी बाटली उचलून उलटसुलट बघितली, मग हळूच विचारलं,

"पर त्यो वंगाळ भाग तोडत्यात न्हवं?"

"एक कार्बन तोडत्यात."

"मग झालं की." आबांच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. "तेवढाच वंगाळ असंल. यंत्रानं काढला, शुद्ध झालं. गंगेत काय कमी जातंय? शास्त्र हाय ते. शास्त्राला दोष न्हाई."

गिरिजा त्यांच्याकडे बघतच राहिली. सहा वर्षं प्रबुद्धने ज्या बंधाशी झुंज घेतली तो आबांनी सहा वाक्यांत तोडला होता, तोही उत्प्रेरकाशिवाय.

"मग प्रबुद्धमधला कुठला तोडू?" ती म्हणाली. "सांगा, आबा. एकच सांगा. तेवढा काढून आणते त्येला."

"माणसाचं येगळं असतंय."

"असं? मग ऐका. सगळं तोडत न्हाई आमी. थोडं मुद्दाम ठेवतो, हौदातलं जसंच्या तसं. ते न्हाई ठेवलं तर मोगऱ्याचा वास येत न्हाई." आबांनी ओठ घट्ट मिटले. "आणि ते किती ठेवायचं, कोण ठरवतंय? मी. कसं ठरवते? हुंगून. एकेक बाटली हुंगून मग बाहेर जाती, आबा. माझं काम काय हाय ते कधी इचारलंत? पाच वरसं तुमी देवाला हुंगलेलं घालताय."

मैल्याचं ऐकून जे झालं नव्हतं ते आता झालं. आबांनी बाटली चटका बसल्यासारखी खाली ठेवली. पिंडीकडे बघितलं, लेकीच्या नाकाकडे बघितलं. नऊ लाख माणसांची घाण त्यांनी समजून घेतली होती, पण हुंगल्याला त्यांच्याकडे उतारा नव्हता. घाईघाईने त्यांनी परडी ओढली. "ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे ते पाणी. ही फुलं हाईत की. खरी हाईत."

गिरिजाने त्यांच्या हातातली परडी घेतली, खाली वाकली आणि तोंड पार आत घालून श्वास घेतला. पहाटेची ती बारा वर्षं भरून काढावीत असा लांब श्वास. पांढऱ्या गारव्याखाली, अगदी तळाशी, ते होतं. दोन कण. जराही कमी नाही, जराही जास्त नाही.

"गिरे!" आबांचा हात उगारला गेला, सहा वर्षांच्या पोरीवर उगारला होता तसाच. यावेळी तो हवेतच राहिला.

"ह्यात बी हाय, आबा. हौदात हाय तेच. देवानंच घातलंय." तिने परडी त्यांच्यापुढे ठेवली. "आता दोन्ही हुंगलेलं. काय घालायचं ते ठरवा. न्हाईतर बाहेर जाऊन सांगा, आज अभिषेक न्हाई."

बाहेर लोक घाई करत होते. "आवरा की आबा, पालखी खोळंबली!" कुणीतरी ओरडलं. आबांनी दाराकडे बघितलं. तेवढ्या दहा-बारा क्षणांत ते एकदा तरी तिच्याकडे बघतील, काही विचारतील, निदान रडतील, म्हणून ती थांबली होती.

आबांनी बाटलीचं झाकण फिरवलं.

"भायेर कुणाला बोलू नगंस," ते कुजबुजले. मग परडी उपडी केली, त्यावर अख्खी बाटली ओतली, आणि दारात जाऊन खणखणीत आवाजात ललकारी दिली, "हर हर महादेव!"

मंडपातून हजार गळ्यांनी उत्तर दिलं. गाभाऱ्यातून दरवळ बाहेर लोटला. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. मागे वळून आबांनी पिंडीवरून ओघळलेलं तीर्थ पळीने तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि उरलेलं पिऊन टाकलं.

गिरिजा गर्दीतून वाट काढत बाहेर आली. घाटाच्या पायऱ्या उतरता उतरता मधेच बसली आणि ओकली. सहा वर्षं हौदावर उभं राहून जे आलं नव्हतं ते सगळं आलं. प्रबुद्ध धावत वर आला. त्याने तिचे केस मागे धरले, आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं, पाठीवरून हात फिरवला. त्याच्या हाताला साध्या साबणाचा वास येत होता.

"सांगितलंस?"

तिने मान डोलावली.

"मग?"

"ओतलं."

त्याने पाण्याची बाटली पुन्हा तिच्यापुढे धरली. तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. वरून वाऱ्याबरोबर गाभाऱ्यातला वास पायऱ्या उतरून त्यांच्यापर्यंत आला, आणि तिला पुन्हा उमळून आलं.

"काय गं, कशाचा वास येतोय?" प्रबुद्धने घाबरून विचारलं.

"मोगऱ्याचा," गिरिजा म्हणाली. "चल इथून."